कम्युनिटी कॉलेजात चित्रकला आणि डिझाइन: सुरुवात कोणत्या वर्गापासून करावी?

फ्रीमाँटवासी

नमस्कार. मी दोन वर्षांहून अधिक काळ कॅलिफोर्नियात एच-४ व्हिसावर (नोकरीसाठी आलेल्या व्यक्तीच्या कुटुंबीयांना मिळणारा व्हिसा) राहत आहे. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही ग्रेड परीक्षा दिल्या होत्या. पुढे अभियांत्रिकीची पदवी आणि पुण्यातील नोकरी यांच्या धबडग्यात चित्रकला मागे पडली ती पडलीच. आता घराजवळच्या ओलोनी कॉलेजात किंवा थोडे दूर कुपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कम्युनिटी कॉलेजात, रीतसर शिकावे असे मनात आहे. रंगकामाची ओढ जुनी आहे, परंतु पुढे डिझाइनच्या क्षेत्रात काम करता आले तर तेही हवे आहे. ग्रेड परीक्षांच्या आधारावर पहिला ड्रॉइंगचा वर्ग वगळून थेट पेंटिंगला किंवा संगणकावरील डिझाइनला प्रवेश घेता येतो का, शुल्क साधारण किती पडते, आणि दोन वर्षांची असोसिएट पदवी पूर्ण करण्यात काही अर्थ आहे का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

कोळसा आणि कागद

प्रथम शुल्काचे पाहू, कारण तो भाग सोपा आहे. राज्यातील रहिवाशांना सेमिस्टर (सहामाही) पद्धतीच्या कॉलेजात एका युनिटला, म्हणजे अभ्यासक्रम मोजण्याच्या एककाला, ४६ डॉलर आणि क्वार्टर (तिमाही) पद्धतीच्या कॉलेजात ३१ डॉलर पडतात. ओलोनीत सेमिस्टर आहे, डी अँझात क्वार्टर. म्हणजे तीन युनिटांचा ड्रॉइंगचा वर्ग १३८ डॉलरमध्ये होतो. त्यावर आरोग्यसेवा वगैरेंची किरकोळ शुल्के लागतात. रहिवासी नसलेल्यांना याच्या कितीतरी पट रक्कम भरावी लागते, म्हणून रहिवासाचा प्रश्न अर्ज भरतानाच निकाली काढावा. सत्र सुरू होण्यापूर्वी एक वर्षाहून अधिक काळ राज्यात वास्तव्य असावे आणि येथेच राहण्याचा इरादा कागदपत्रांतून दिसावा, अशी अट आहे. एच-४ धारकांना या अटीवर रहिवासी म्हणून मान्यता मिळू शकते. भाडेकरार, राज्याचा वाहन परवाना, कर विवरणपत्र ही कागदपत्रे हाताशी ठेवा. शिक्षणासाठी एच-४ बदलून विद्यार्थी व्हिसा घेण्याची गरज नाही.

आता मूळ मुद्दा. ग्रेड परीक्षांचे प्रमाणपत्र येथे कोणी मागत नाही आणि त्याचे युनिट मिळत नाहीत, पण मुळात प्रवेशासाठी पोर्टफोलिओ (स्वतःच्या निवडक कामांचा संच) किंवा परीक्षाही नसते. तरीही पहिला ड्रॉइंगचा वर्ग वगळू नका, असेच मी आग्रहाने सांगेन. तीन युनिटांच्या स्टुडिओ वर्गात आठवड्याला साधारण सहा तास प्रत्यक्ष काम चालते, आणि या संस्थांची खरी किंमत त्या तासांत आहे. अठरा बाय चोवीस इंचांचा न्यूजप्रिंटचा (वर्तमानपत्राच्या स्वस्त कागदाचा) गठ्ठा ईझलवर (चित्राच्या घोडीवर) लावून उभ्याने काम करायचे; बोटांनी पेन्सिल धरून नव्हे, तर खांद्यापासून हात हलवून कोळशाने रेषा ओढायची. सुरुवातीला अर्ध्या मिनिटाची, एका मिनिटाची, दोन मिनिटांची झटपट रेखाटने असतात. त्यानंतर कागदाकडे न पाहता वस्तूची कडा डोळ्यांनी चाचपत नेणे, हात ताठ धरून काडीने प्रमाणे मोजणे, वस्तूऐवजी तिच्याभोवतीची मोकळी जागा काढणे, आणि पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या छटांची पट्टी तयार करणे हे क्रमाने येते. आपल्याकडे वस्तुचित्राच्या पेपरात दिलेल्या वेळात नीटनेटके, पूर्ण झालेले चित्र परीक्षकासमोर ठेवायचे असते. येथे मात्र दिवसअखेर वीस कागद खराब झाले तरी कोणाची हरकत नसते, उलट ते अपेक्षितच असते. आपल्या सवयीच्या हाताला हे सुरुवातीला फार जड जाते.

ड्रॉइंगच्या जोडीला टू-डी डिझाइनचा, म्हणजे सपाट पृष्ठभागावरील रचनेचा, वर्ग घ्या. त्यात काळ्या कागदाचे तुकडे कापून आकृती आणि पार्श्वभूमी यांची अदलाबदल करणे, एकाच राखाडी रंगाच्या पायऱ्या गुवाश (अपारदर्शक जलरंग) किंवा अॅक्रिलिकने हाताने मिसळणे, मोजून कापणे आणि स्वच्छ चिकटवणे असली कामे असतात. दिसायला ती बालवाडीतली वाटतात. परंतु पुढे संगणकावर काम करताना दोन मजकुरांमधले अंतर का खुपते हे ज्याला दिसते, त्याची नजर बहुधा याच कामांत तयार झालेली असते. सॉफ्टवेअर दर काही वर्षांनी बदलते आणि ते घरी बसूनही शिकता येते. त्यामुळे पहिल्या सत्रात त्यावर युनिट खर्च करणे मला पटत नाही.

पारदर्शक जलरंग

वरील प्रतिसाद बहुतांशी मान्य आहे, मात्र ग्रेड परीक्षांना इतके मोडीत काढू नये. संकल्पचित्राच्या पेपरात दिलेल्या आकारात पुनरावृत्ती, समतोल आणि मर्यादित रंगसंगती साधायची असते, आणि टू-डी डिझाइनच्या वर्गातला निम्मा विषय तोच असतो. तांब्याचे आणि माठाचे तोंड डोळ्यांच्या पातळीनुसार किती चपटे काढायचे, हे ज्याने घोटून घेतले आहे, त्याला येथील लंबवर्तुळांच्या धड्याला घाम फुटत नाही. वगळायचे काहीच नाही. पण पाटी कोरी आहे असे समजून भीतभीत जाण्याचेही कारण नाही.

रंगकामाबद्दल दोन शब्द. महाराष्ट्रातून आलेल्या बहुतेकांचा हात जलरंगावर बसलेला असतो. तेथे पांढरा म्हणजे न रंगवलेला कागद, आणि काम फिक्याकडून गडदाकडे जाते. येथील पेंटिंगचा पहिला वर्ग बहुधा अॅक्रिलिकचा किंवा तैलरंगाचा असतो. त्यात पांढरा रंग वरून चढवता येतो, चूक खरवडून पुन्हा रंगवता येते, आणि बरेच शिक्षक आधी मध्यम छटेची जमीन, म्हणजे रंगाचा पायाचा थर, तयार करायला लावतात. ही उलटी चाल अंगवळणी पडायला वेळ लागतो. तैलरंगाच्या वर्गात झाकणाचा धातूचा डबा ठेवलेला असतो आणि जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या त्यातच टाकण्याची सक्ती असते. ती सक्ती शिष्टाचारापोटी नाही: हे तेल वाळताना हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून उष्णता सोडते आणि चुरगळलेल्या चिंध्यांचा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. घरी सराव करताना तर हे अधिकच लक्षात ठेवावे, कारण अपार्टमेंटमधील कचऱ्याची टोपली म्हणजे तसाच ढीग.

फ्रीमाँटवासी

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ड्रॉइंग आणि टू-डी डिझाइन या दोन वर्गांनीच सुरुवात करावी असे आता ठरते आहे. आणखी दोन शंका आहेत. एखादा वर्ग जमला नाही तर तो पुन्हा घेता येतो का? आणि फिगर ड्रॉइंगच्या वर्गात नग्न मॉडेल असते असे ऐकले. त्या वातावरणाचा थोडा संकोच वाटतो, तो वर्ग टाळता येईल का?

तिसरे सत्र

पहिल्या शंकेचे उत्तर फारसे कोणी सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. पूर्वी येथील कॉलेजांत एकच चित्रकलेचा वर्ग वर्षानुवर्षे घेणारी मंडळी असत. २०१३ पासून राज्याच्या नियमांनी त्याला आळा घातला. आता एकमेकांशी संबंधित स्टुडिओ वर्गांचे गट केलेले आहेत, आणि सेमिस्टर पद्धतीच्या कॉलेजात एका गटात एकूण चार वेळाच नाव नोंदवता येते. यातली मेख अशी की, मध्येच वर्ग सोडल्यामुळे प्रगतिपत्रकावर ‘डब्ल्यू’ (विथड्रॉ, म्हणजे वर्ग सोडल्याची खूण) आला, तर तीही नोंदणी त्या चारांत धरली जाते. त्यामुळे वर्ग झेपत नाही असे दिसले तर ‘डब्ल्यू’ न लागता नाव काढण्याची जी तारीख असते, तिच्या आत निर्णय घ्यावा. ती तारीख सत्राच्या अगदी सुरुवातीला असते. कोणता वर्ग कोणत्या गटात मोडतो हे प्रत्येक कॉलेजच्या कॅटलॉगमध्ये दिलेले असते. श्रेणीचे दडपण नको असेल तर जेथे परवानगी आहे तेथे ‘पास/नो पास’ हा पर्याय निवडता येतो. केवळ आनंदासाठी यायचे असेल, तर बरीच कॉलेजे कम्युनिटी एज्युकेशन या नावाखाली युनिट नसलेले वर्गही चालवतात. त्यांना हा नियम लागत नाही, पण त्यांचा खर्च विद्यार्थ्यालाच पूर्ण भरावा लागतो आणि शिकवण्याची सखोलताही वेगळी असते.

फिगर ड्रॉइंग पहिल्या सत्रात समोर येणार नाही, कारण त्याआधी सहसा ड्रॉइंगचा पहिला वर्ग झालेला असावा लागतो. वर्गात छायाचित्र काढण्यास सक्त मनाई असते, दार बंद असते, आणि पहिल्या पंधरा मिनिटांनंतर डोळ्यांसमोर उरतो तो वजन पेलणारा पाय, कलंडलेली कंबर आणि हातातून सतत निसटणारे प्रमाण. टाळता येईल, परंतु मानवी आकृती ज्याला काढता येते त्याला बाकी काही काढणे अवघड जात नाही, तेव्हा आत्ताच नकार पक्का करू नका.

कोळसा आणि कागद

पदवीचा प्रश्न राहून गेला होता. तुमच्याकडे अभियांत्रिकीची पदवी आहेच, त्यामुळे असोसिएट पदवीसाठी लागणारी साठ सेमिस्टर युनिटे केवळ प्रमाणपत्रासाठी गोळा करण्यात फारसा लाभ दिसत नाही. डिझाइनच्या नोकरीत आधी पोर्टफोलिओ उघडला जातो. चार वर्षांच्या विद्यापीठात जायचे असल्यास दुसऱ्या पदवीसाठीचे प्रवेश मर्यादित असतात, म्हणून तेथील समुपदेशकाला आधीच विचारावे. कोणता वर्ग कोठे ग्राह्य धरला जातो हे ‘असिस्ट’ या राज्याच्या संकेतस्थळावर कॉलेजनिहाय पाहता येते. एच-४ वर कामाचा परवाना हाती नसेल, तर मोबदला घेऊन लोगो करून देणे किंवा चित्रे विकणे यांपैकी काहीही करण्यापूर्वी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलावे. साहित्याच्या यादीबाबत एकच सूचना: पहिल्या दिवशी शिक्षकांनी यादी हातात देईपर्यंत काही विकत घेऊ नका. वेलीचा कोळसा, दाबलेला कोळसा आणि मळता येणारे खोडरबर एवढ्यावर पहिले काही आठवडे आरामात निघतात.