कार्यालयासाठी ऑल-इन-वन घ्यावा की टॉवर?

कॅनडा कॉर्नर, नाशिक (धागा सुरू करताना)

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला आणि आमच्या करसल्लागार कार्यालयातील जुने संगणक बदलण्याचा प्रश्न निकडीचा झाला. हे सगळे टॉवर (मॉनिटरपासून वेगळे कॅबिनेट असलेले संगणक) इंटेलच्या सातव्या पिढीच्या प्रोसेसरचे आहेत आणि विंडोज ११ ला किमान आठवी पिढी लागते. त्यांच्या जागी ऑल-इन-वन (पडद्यामागेच सगळा संगणक बसवलेली यंत्रे) घ्यावेत, असे माझे मत झाले आहे. ते का, हे सविस्तर मांडते. नाशिकमध्ये कार्यालय, दवाखाना किंवा कारखाना चालवणाऱ्यांनी आपला अनुभव सांगावा, ही विनंती.

टॉवर घेताना प्रत्येक विक्रेता एकच गोष्ट सांगतो की, पुढे हवा तसा वाढवता येईल. आमच्याकडे यांतले प्रत्यक्षात काय वाढले? रॅम एकदा वाढवली आणि हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली. या दोन्ही गोष्टी बहुतेक विंडोज ऑल-इन-वनमध्येही होतात, कारण त्यांतही लॅपटॉपच्या आकाराची रॅम आणि एम.२ प्रकारची छोटी एसएसडी बसते. ज्या दिवशी खरी गरज पडली, म्हणजे प्रोसेसर बदलायची वेळ आली, त्या दिवशी मात्र टॉवरची ही ख्याती कामी आली नाही. सातव्या आणि आठव्या पिढीच्या प्रोसेसरचे सॉकेट (तो बसवायची खाच) दिसायला एकच असले, तरी इंटेलने आठवीसाठी नवे मदरबोर्ड (मुख्य सर्किट बोर्ड) अनिवार्य केले होते. जी सोय वेळेला उपयोगी पडत नाही, तिच्यासाठी टेबलाखालची जागा आणि तारांचा गुंता वर्षानुवर्षे का सांभाळायचा?

जागेचा प्रश्न आमच्यासारख्या छोट्या गाळ्यांत फार खरा आहे. जुलै आणि सप्टेंबरमध्ये विवरणपत्रांची गर्दी असते तेव्हा टेबलापलीकडे अशील बसलेले असतात, त्यांचे पाय कॅबिनेटला लागतात, पॉवरची वायर सैल होते आणि अर्धवट भरलेले विवरणपत्र तसेच राहते. विजेचाही विचार करावा लागतो. कार्यालयीन ऑल-इन-वनचा अडॅप्टर बहुधा ९० वॅटच्या आसपास असतो, म्हणजे पडद्यासकट सगळा संगणक त्याहून जास्त वीज ओढू शकत नाही. पावसाळ्यात वीज गेल्यावर ६०० व्हीए चा साधा यूपीएस त्यावर किती तरी निवांत चालतो. आमचे काम टॅली, एक्सेल, आयकर आणि जीएसटीची पोर्टले एवढेच आहे. त्याला ग्राफिक्स कार्ड कधीच लागणार नाही.

रविवार कारंजा

ताई, मी याच शहरात संगणक दुरुस्तीचे काम करतो आणि आपल्या मुद्द्यांशी आदरपूर्वक असहमत आहे. आपण 'वाढवणे' हा निकष धरला आहे. तो बाजूला ठेवला तरी टॉवरचा पक्ष सुटत नाही, कारण टॉवर घ्यावा तो वाढवण्यासाठी नव्हे, बिघडल्यावर सुटा भाग बदलता यावा म्हणून घ्यावा. टॉवरमध्ये एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) गेला तर बाजूचे झाकण उघडायचे, चार स्क्रू काढायचे, नवा बसवायचा आणि अर्ध्या तासात टॅली सुरू करायचे. मॉनिटर गेला तर घरचा आणून लावता येतो. हे भाग ठरलेल्या मापाचे असतात. या मापांचे एटीएक्स हे मानक १९९५ सालचे आहे आणि त्या मापाचा एसएमपीएस आजही शहरातल्या कुठल्याही संगणकाच्या दुकानात मिळतो.

आता ऑल-इन-वन उघडताना काय होते ते सांगतो. यंत्र मऊ कापडावर पालथे ठेवायचे, स्टँड काढायचा आणि मग कडेच्या फटीतून प्लॅस्टिकची पट्टी फिरवत एकेक क्लिप सोडवायची. काही मॉडेलांत मागचे झाकण निघते. काहींत पडदाच उचलावा लागतो, आणि त्याच्या मागे कागदासारखी पातळ डिस्प्ले केबल असते. जोर थोडा जास्त लागला तर ती केबल तुटते आणि पंख्यासाठी आलेल्या यंत्राचा पडदा जातो. ॲपलच्या आयमॅक या ऑल-इन-वनमध्ये २०१२ च्या अखेरीपासून पडदा चिकटपट्टीने बसवलेला असतो. ती पट्टी कापूनच पडदा काढावा लागतो आणि परत लावताना नवी पट्टी लागते. एवढे सगळे बहुतेक वेळा कशासाठी, तर पंख्याच्या जाळीत नमद्यासारखी बसलेली धूळ काढण्यासाठी. रस्त्यांची कामे चालू असलेल्या भागातली आणि मे महिन्यातली यंत्रे मी पाहतो. ऑल-इन-वनचा पंखा लॅपटॉपसारखा बारीक असतो, तो लवकर गुदमरतो, आणि मग प्रोसेसर स्वतःला थंड ठेवण्यासाठी वेग कमी करतो. ग्राहक म्हणतात, मशीन म्हातारे झाले. त्याला बहुधा साफसफाई हवी असते.

विजेबद्दलही एक दुरुस्ती सुचवतो. टॉवरवर ४५० वॅट लिहिलेले असते म्हणजे तो तेवढी वीज खात नाही. ती एसएमपीएसची क्षमता असते. ग्राफिक्स कार्ड नसलेला आजचा कार्यालयीन टॉवर टॅलीसारख्या कामात ५० वॅटच्या आसपासच राहतो, त्यात मॉनिटरचे २० ते ३० वॅट धरा. ऑल-इन-वन यापेक्षा कमी घेतो हे मान्य आहे, पण फरक आपण समजता तेवढा नाही.

आणि आपल्या जुन्या टॉवरचे सांगायचे तर मदरबोर्ड आणि प्रोसेसर एवढेच बदला. बाराव्या पिढीचे काही मदरबोर्ड डीडीआर४ या प्रकारची रॅम घेतात. सातव्या पिढीच्या आपल्या संगणकांतही बहुधा तीच असेल. कॅबिनेट, एसएमपीएस, रॅम, एसएसडी, मॉनिटर, कीबोर्ड सगळे तसेच राहील. ही सोय ऑल-इन-वनमध्ये कुठून आणणार?

कॅनडा कॉर्नर

आपला सल्ला असेंबल्ड, म्हणजे सुटे भाग जोडून बनवलेल्या मशीनसाठी योग्य आहे. आमचे टॉवर ब्रँडेड आहेत. मी आजच एक उघडवून पाहिला. त्याच्या मदरबोर्डाला २४ पिनांची प्रचलित जोडणी नसून कंपनीची स्वतःची आहे आणि एसएमपीएसही वेगळ्याच मापाचा आहे. बाजारातला मदरबोर्ड त्यात बसणार नाही. मग ठरलेल्या मापाचा फायदा आम्हांला मिळाला कुठे? 'टॉवर' म्हटले की सुटे भाग आपोआप मिळतात, हा समज तपासून घ्यायला हवा. कार्यालये जे टॉवर घेतात ते बहुधा ब्रँडेडच असतात, कारण बिल, वॉरंटी आणि कायदेशीर विंडोज एका ठिकाणी मिळते.

सातपूरकर

सातपूर एमआयडीसीत माझे जॉबवर्कचे वर्कशॉप आहे, त्यामुळे माझी बाजू कार्यालयापेक्षा वेगळी आहे. आमच्याकडच्या जुन्या सीएनसी (संगणकी प्रोग्रामवर धातू कापणाऱ्या) मशीनना प्रोग्राम आजही आरएस-२३२ या सिरियल पोर्टमधून जातो. टॉवरच्या मदरबोर्डावरच्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये सिरियल कार्ड बसवले की काम झाले. ऑल-इन-वनला यूएसबीचा कन्व्हर्टर लावावा लागतो. लांब प्रोग्राम ओळीओळीने जात असताना कन्व्हर्टरचा संपर्क मध्येच तुटला तर मशीन थांबते, कधी कधी जॉबवर टूलची खूण राहते आणि तो जॉब भंगारात जातो. हा प्रकार मी पाहिला आहे. त्या दिवसापासून मशीनजवळ टॉवरच ठेवला आहे, तोही फिल्टर लावलेल्या बंद पेटीत, कारण बिडाची भुकटी विजेची वाहक असते आणि मदरबोर्डावर बसली तर शॉर्ट होते.

ड्रॉइंगच्या खोलीतही मला टॉवरच हवा. थ्रीडी मॉडेल फिरवताना लागणारे साधे ग्राफिक्स कार्ड स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटवर चालते, वेगळी वायरसुद्धा लागत नाही. कामे वाढली, मॉडेल मोठी झाली, की फक्त कार्ड बदलायचे. ताईंनी 'वाढवण्याची सोय कधी वापरली जात नाही' हे विधान आपल्या कार्यालयापुरते केले असते तर माझी हरकत नव्हती. अंबड-सातपूरमधल्या डिझाइनच्या खोल्यांना ते लागू पडत नाही.

इंदिरानगर, निवृत्त शिक्षिका

मी ताईंच्या बाजूने लिहीत आहे. दुरुस्ती करणाऱ्यांच्या दृष्टीने सोयीचे यंत्र आणि वापरणाऱ्याच्या दृष्टीने सोयीचे यंत्र एकच असेल असे नाही. माझे यजमान ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना वाचनासाठी मोठा पडदा हवा, एक बटण हवे आणि मुलाशी बोलण्यासाठी कॅमेरा व माइक आधीपासून बसवलेले हवेत. टॉवर असताना कॅमेऱ्याची वायर सैल झाली की नातवाला महात्मानगरहून बोलवावे लागे. आता भिंतीवरच्या प्लगपासून संगणकापर्यंत एकच वायर आहे, कीबोर्ड आणि माउस बिनतारी आहेत, आणि खोली झाडताना बाईंना काही हलवावे लागत नाही. जिथे दुरुस्तीवाल्याला फोन करण्याचीसुद्धा धास्ती वाटते, अशा घरांत या साधेपणाची किंमत फार मोठी असते.

गंगापूर रोड

लग्नसमारंभांच्या चित्रफितींचे संपादन हा माझा व्यवसाय आहे. प्रोसेसर बदलता येत नाही, हे ताईंचे म्हणणे इंटेलच्या त्या विशिष्ट पिढ्यांपुरते खरे आहे. एएमडीच्या एएम४ सॉकेटचे २०१७ मध्ये बाजारात आलेले अनेक मदरबोर्ड केवळ बायॉस (मदरबोर्डातले मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत केल्यावर २०२२ मध्ये आलेला प्रोसेसर स्वीकारतात. खरेदी करतानाच सॉकेटचे आयुष्य विचारावे. विक्रेते ते आपणहून सांगत नाहीत.

मला मात्र एक वेगळा मुद्दा जास्त महत्त्वाचा वाटतो. चांगला पडदा प्रोसेसरपेक्षा कितीतरी जास्त काळ टिकतो. रंग बरोबर दाखवणारा मॉनिटर मी निवडून घेतो आणि दोन संगणक येऊन जाईपर्यंत तो वापरतो. ऑल-इन-वन मात्र मदरबोर्ड गेल्यावर उत्तम पडद्यासकट निकामी होतो. काही आयमॅक बाहेरच्या संगणकासाठी पडदा म्हणून वापरता येत असत, पण ती सोय २००९ च्या अखेरीपासून २०१४ च्या मध्यापर्यंतच्या मॉडेलांपुरतीच होती. धडधाकट काच आणि दिवे ई-कचऱ्यात जाताना पाहणे मला खरोखर सहन होत नाही.

कॅनडा कॉर्नर

पडद्याचा मुद्दा मी गंभीरपणे घेतला. चौकशी केल्यावर असे कळले की, काही ऑल-इन-वनमध्ये एचडीएमआय-इन हा बाहेरचे चित्र आत घेणारा पोर्ट असतो. तो असेल तर बाहेरचा संगणक जोडून पडदा वापरता येतो, मात्र आतला मदरबोर्ड गेल्यावरही तो चालेल का हे मॉडेलनुसार विचारून घ्यावे लागते. पोर्ट 'आउट' आहे की 'इन' हे मात्र नीट वाचावे लागते, कारण दोन्ही दिसायला सारखेच असतात. ही अट मी दरपत्रकात घालणार आहे. ऑनसाइट वॉरंटी बहुधा एकच वर्षाची असते, ती पैसे भरून तीन वर्षांची करून घेणार आहे. आयकरात संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो. तीन वर्षांनी पुस्तकी किंमत मूळ किमतीच्या २२ टक्क्यांहूनही खाली येते. व्यवसायाच्या हिशेबात तीन वर्षांची निर्धास्त सेवा मला दहा वर्षांच्या दुरुस्तीक्षमतेपेक्षा अधिक मोलाची वाटते. घरगुती वापरासाठी उत्तर वेगळे असू शकते.

देवळाली

दोन्ही पक्ष एक तिसरा पर्याय विसरत आहेत. वहीच्या आकाराचा मिनी पीसी मॉनिटरच्या मागे १०० मिलिमीटर अंतराच्या चार छिद्रांवर बसवता येतो. टेबल ऑल-इन-वनइतकेच मोकळे राहते आणि पडदा वेगळा असल्यामुळे वेगळा बदलता येतो. प्रोसेसर मात्र बहुधा मदरबोर्डालाच कायमचा जोडलेला असतो, हे आधीच सांगून ठेवतो. कार्यालयासाठी मी हाच सुचवेन.

रविवार कारंजा

देवळालीकरांच्या पर्यायाला माझी सहमती आहे. ताईंच्या घसाऱ्याच्या हिशेबाला मात्र नाही, कारण पुस्तकात किंमत संपली तरी यंत्र चौथ्या वर्षीही त्याच टेबलावर असते, आणि वॉरंटी संपल्यावरच ते माझ्यासारख्याकडे येते.

वॉरंटीच्या काळातलीही एक गोष्ट आहे, ती करसल्लागारांनी विशेष लक्षात घ्यावी. ऑनसाइट म्हटले तरी मोठा बिघाड असेल तर यंत्र सर्व्हिस सेंटरला जाते. टॉवर असेल तर झाकण उघडून एसएसडी काढून आपल्या कपाटात ठेवता येते आणि मग यंत्र पाठवता येते. ऑल-इन-वनमधली एसएसडी काढायची तर वर सांगितलेली सगळी उघडझाप करावी लागते, आणि वॉरंटीत ती कोणी आपल्या हाताने करत नाही. म्हणजे अशिलांचे पॅन, बँक खाती आणि विवरणपत्रे यंत्राबरोबरच बाहेर जातात. म्हणून ऑल-इन-वन घ्यायचाच असेल तर विंडोजची प्रो आवृत्ती घ्या, पहिल्याच दिवशी बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) सुरू करा आणि त्याची रिकव्हरी की कागदावर छापून तिजोरीत ठेवा. ती त्याच संगणकात साठवून ठेवलेली मी अनेक कार्यालयांत पाहतो. मदरबोर्ड बदलल्यावर संगणक पहिल्यांदा तीच की मागतो. डेटाची दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर रोज संध्याकाळी निघते की नाही, हे आपण स्वतः पाहा. ते काम कर्मचाऱ्यांवर सोडू नका.

कॅनडा कॉर्नर

बिटलॉकर आणि रोजची प्रत या दोन्ही अटी मी मान्य करते. समोरच्या टेबलांसाठी ऑल-इन-वनचे आणि देवळालीकरांनी सुचवलेल्या मिनी पीसीचे अशी दोन दरपत्रके एकाच वेळी मागवत आहे. टॅलीचा डेटा ज्या मशीनवर राहतो, त्यासाठी असेंबल्ड टॉवरचेही एक दरपत्रक हवे आहे, फक्त त्यात प्रचलित मापाचाच एसएमपीएस आणि मदरबोर्ड असावा. रविवार कारंज्यावरील दादांनी त्यात कोणता सॉकेट घ्यावा ते कृपया सांगावे.