पोडियमवरच्या बागेला बाग म्हणायचं का?

घोडबंदरकर:
गेल्या रविवारी बेलापूरला सेक्टर 8 मध्ये मावशीकडे गेलो होतो. तिचं घर आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये, म्हणजे वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी 1983 ते 86 च्या सुमारास सिडकोसाठी आखलेल्या वसाहतीत. साधारण 7 घरं एका छोट्या चौकाभोवती, चौक 8 मीटर बाय 8 मीटरचा. असे 3 गट मिळून आणखी एक मोठा चौक. कुणाची भिंत कुणाला चिकटलेली नाही, म्हणून ज्याला त्याला आपल्या जागेत घर वाढवता येतं. मावशी पायरीवर बसून माठ निवडत होती आणि देठं तिथूनच लिंबाच्या आळ्यात टाकत होती. दारापर्यंत पोचेतो तिघांनी मला विचारलं, कुणाकडे आलात?

आमच्याकडे ठाण्यात 17 व्या मजल्यावरून पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवर, लिफ्टने जायचं, मग काचेचं दार, आणि ते रात्री 9 ला बंद. ब्रोशरमध्ये या बागेची चार पानं होती. रोज घरी जाता-येता मात्र ती वाटेत लागतच नाही, मुद्दाम उठून जावं लागतं. माझं म्हणणं एवढंच की बाग घराच्या वाटेवर असली पाहिजे. आधी इमारती बसवायच्या आणि उरलेल्या कोपऱ्यांत झाडं लावायची, हा क्रमच उलटा आहे.

पारसिकचा_पायथा:
मावशींचं घर छानच असणार, पण हिशेब करा. ती वसाहत आखली साधारण 6 हेक्टरवर 550 कुटुंबांसाठी. म्हणजे एकरी 37 घरं. तुमच्या एका टॉवरमध्येच त्याहून जास्त असतील. ठाण्यात आजच्या जमिनीच्या भावाने अशी बैठी घरं बांधली तर ती घेणार कोण? तुम्हीही नाही, मीही नाही. आणि तिथे जरा मागच्या गल्ल्यांतून फिरा. मूळची किती उतरती कौलारू घरं पाडून लोकांनी वर मजले चढवलेत ते दिसेल. लोकांना अंगणापेक्षा खोली हवी होती.

घोडबंदरकर:
खोली हवीच होती, आणि ती वाढवता यावी म्हणूनच आखणी तशी होती. घरं बदलली, पण मधले चौक राहिले, याला मी महत्त्व देतो. उंच इमारतीतही हे जमतं. कोरियांच्याच कांचनजंगा इमारतीत (पेडर रोड, 1983) कोपऱ्यांत दोन मजली उंचीच्या बागा आहेत.

पारसिकचा_पायथा:
त्या इमारतीत एकूण 32 फ्लॅट, तेही श्रीमंतांचे. इटलीत मिलानला 2014 चे ते गॅलऱ्यांत झाडं लावलेले दोन मनोरे आहेत (बॉस्को व्हर्टिकाले), तेही तसेच. तिथे छाटणीला माणसं दोरावर लटकून येतात. आमच्या सोसायटीत मेंटेनन्स 200 रुपयांनी वाढवला तर सभा दोन तास चालते.

बी_विंग_सेक्रेटरी:
पोडियमची बाग सांभाळणं काय असतं ते मी सांगतो. पहिल्या कमिटीने हौसेने सोनचाफा लावला, माती जेमतेम दीड फूट. सहाव्या पावसाळ्यात खालच्या पार्किंगमध्ये ठिबक सुरू झाली. स्लॅबमधून झिरपणारं पाणी चुना घेऊन येतं. गाडीवर पडून वाळलं की पांढरे ओघळ उठतात आणि रंगच खराब होतो. अकरा गाड्यांचे मालक माझ्या दारात. शेवटी सगळी माती उचलली, वॉटरप्रूफिंग नव्याने केलं, चाफा तोडला. तोडताना एक आजोबा शेजारी उभे होते, बोलले काही नाहीत. त्या दिवसापासून आमच्याकडे फक्त लॉन आणि कुंड्या. कुणी झाडांचं नाव काढलं की मीच नको म्हणतो.

मातीवाली:
मी लँडस्केपचं काम करते. सेक्रेटरींचा अनुभव खरा आहे, पण दोष चाफ्याचा नाही. 1 मीटर खोल ओली माती म्हणजे चौरस मीटरला 1800 ते 2000 किलो. घरातली खोली सुमारे 200 किलो वापराचा भार धरून डिझाइन करतात. म्हणजे झाडाचा निर्णय आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरने पहिल्या नकाशातच घ्यावा लागतो. आम्हाला बोलावतात स्लॅब पडल्यावर. तेव्हा हातात उरतं लॉन, अरेका पाम आणि प्लास्टिकचं कुंपण.

मुंबईच्या तेव्हाच्या नियमांबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2013 मध्ये सांगितलं होतं की, नियमाने सोडायची किमान मोकळी जागा जमिनीवरच हवी, पोडियमवर दाखवून चालणार नाही. हे मला पटतं. ताम्हण, करंज, बकुळ यांना खालपर्यंत माती लागते. पाऊसही तिथेच मुरतो. पोडियमवर पडलेलं पाणी सरळ पाइपने गटारात जातं.

सातवा_मजला:
माझं वय 68. पोडियमला नावं ठेवू नका. खाली रिक्षा, डिलिव्हरीवाले, रिव्हर्स घेणाऱ्या गाड्या. वर एकही चाक येत नाही. नातीचा हात सोडून मी निवांत बसू शकते, अशी अख्ख्या घोडबंदर रोडवर मला दुसरी जागा नाही. तुमची जमिनीवरची बाग गाड्यांच्या मधोमध असेल तर ती आम्हाला काय कामाची?

घोडबंदरकर:
काकू, हे मी धरलंच नव्हतं. मावशीच्या चौकात गाडी येत नाही, म्हणूनच तो चौक वाटला. तेव्हा पोडियम राहू दे. पण आमच्या मागच्या कंपाउंडलगत गेटपासून पंपरूमपर्यंत पेव्हर ब्लॉकची पट्टी आहे, तिथे गाड्याही लावत नाहीत. येत्या सभेत मी ते पेव्हर काढून ताम्हण लावायचा विषय मांडणार आहे. सी विंगची सगळी माणसं त्याच वाटेने घरी जातात.

बी_विंग_सेक्रेटरी:
ती पट्टी अग्निशमन गाडीसाठी सोडलेली नाही ना, ते मंजूर नकाशात आधी बघा. तसं असेल तर एकही आळं करता येणार नाही. आणि ड्रेनेजचे चेंबर कुठून जातात तेही. नाहीतर मुळं पाइपात शिरतील आणि लोक तुमच्या दारात येतील.

मातीवाली:
चेंबरपासून 3 मीटर सोडा. ताम्हणाची रोपं छातीइतकी उंच घ्या, गुडघ्याएवढी लावली की शेळ्या नाहीतर क्रिकेट. नकाशाचा फोटो इथे टाका, मी बघते.