बोडियम किल्ल्याच्या जीर्णोद्धाराविषयी

प्रश्न : इंग्लंडच्या ससेक्समधील बोडियम किल्ला पाहिला. पाण्याने भरलेल्या रुंद खंदकात चारही कोपऱ्यांचे गोल बुरूज जसेच्या तसे उभे, पण आत शिरताच छप्पर नसलेल्या भिंती आणि नुसती हिरवळ! जीर्णोद्धार करताना आतला भाग पुन्हा का बांधला नाही?

प्रतिसाद १ : फ्रेंच स्वाऱ्यांच्या भीतीने इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याने १३८५ मध्ये सर एडवर्ड डॅलिंग्रिज यांना तटबंदीची परवानगी दिली. सतराव्या शतकातील यादवीनंतर आतील इमारती मोडल्या गेल्या आणि त्या कशा दिसत होत्या हेच पूर्णपणे सांगता येत नसताना त्या उभ्या करणे म्हणजे नवी कल्पना जुनी म्हणून खपवणे झाले असते. १८२९ मध्ये जॉन फुलर यांनी विकत घेतला नसता, तर उरलेले दगडही गेले असते.

प्रतिसाद २ : १९१७ मध्ये तो लॉर्ड कर्झन यांनी घेतला. बंगालच्या फाळणीमुळे आपल्याला ते नकोसे वाटतात, ते योग्यच. तरी १९०४ चा प्राचीन स्मारक संरक्षण कायदा त्यांच्याच कारकिर्दीतला. बोडियममध्ये त्यांनी खंदक उपसून गाळ काढला, भिंती सावरल्या आणि १९२५ मध्ये मृत्युपत्राद्वारे किल्ला नॅशनल ट्रस्ट या वारसास्थळे जपणाऱ्या संस्थेकडे सोपवला.

प्रतिसाद ३ : पुन्हा गेलात, तर महादरवाजात मान वर करून पाहा. वरून खाली सोडायची जुनी लाकडी जाळी तिथे अजून शिल्लक आहे.