गच्चीवरचा घरगुती स्क्वॉट रॅक: भरवशाचा आहे की नाही, कसं ओळखायचं?

धायरी_फाटा

नमस्कार मंडळी. जिमची फी परवडते, पण तिथे पोचायला सिंहगड रोडवर जाणारा पाऊण तास परवडत नाही. म्हणून मी आणि धाकट्या भावाने गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बस्तान मांडलंय. रॅक, म्हणजे बार खांद्यावर घेऊन बैठका (स्क्वॉट) मारताना तो टेकवायची चौकट, जवळच्या एका ग्रिल-शटरवाल्याकडून करून घेतला, ५० बाय ५० च्या चौकोनी पाइपचा. तो म्हणतो, "हेवी गेज आहे साहेब, हत्ती लटकवा." रॉड (वजनं अडकवायचा बार) रविवारी जुन्या बाजारातून आणला, २५ एमएम, सरळ आहे. लोखंडी प्लेटा एकूण ८० किलोच्या आहेत, उरलेल्या भाऊ सिमेंटच्या ओततोय.

आम्ही दोघं (७२ + ८१ किलो) एकदम लटकून पाहिलं, काही हललं नाही. माझा स्क्वॉट ११० किलोवर आलाय. वडील म्हणतात, आधी कुणा जाणकाराला दाखव. म्हणून इथे दाखवतोय. काय काय तपासू?

नारायण_पेठ_१ ते ४ बंद

वडिलांचं ऐका. धागा बंद करायला हरकत नाही.

भोसरी_क्यूए

तीस वर्षं दुसऱ्यांच्या वेल्डमध्ये खोड्या काढून निवृत्त झालोय, त्यामुळे जरा लांबेल.

लटकून पाहणं ही चाचणी नव्हे. तुम्ही हळूच लटकलात, बार हळूच पडत नाही. समजा ११० किलोचा बार सेफ्टीवर (निसटला तर बार झेलणाऱ्या आडव्या पाइपांवर) २० सेंटीमीटर वरून पडला आणि २ सेंटीमीटरमध्ये थांबला. थांबवणारं सरासरी बळ वजनाच्या ११ पट होतं, म्हणजे १२१० किलो. बार लवतो म्हणून प्रत्यक्षात जरा कमी, पण तुमच्या १५३ किलोच्या लटकण्याशी त्याची तुलनाच नाही. सेफ्टीच्या पाइपांवर जाड रबर बसवा. थांबायचं अंतर २ चं ४ सेंटीमीटर झालं की ११ पटीचं ६ पट होतं. यापेक्षा स्वस्त सुरक्षा मला माहीत नाही.

आता 'हेवी गेज'. गेज, म्हणजे पाइपाच्या पत्र्याची जाडी, डोळ्याने कळत नाही, काट्याने कळतं. फॅब्रिकेटरकडे त्याच पाइपचा उरलेला तुकडा असेल तो मागा, लांबी मोजा, वजन करा. ५० बाय ५० चा ३ एमएम पाइप मीटरला सव्वाचार किलोच्या आसपास भरतो, २ एमएमचा तीन किलोच्या आसपास. काटा लाजत नाही.

२ एमएम निघाला तर लगेच भंगारात घालू नका. उभ्या खांबावर सरळ ओझं येतं, त्याला तोही पुरतो. दुखणं असतं भोकांपाशी आणि वेल्डपाशी. पातळ पाइपाला वेल्डर भोक पडेल म्हणून घाबरतो, करंट कमी ठेवतो, आणि धातू आत न मुरता वर नुसता बसतो. वरून ग्राइंडर, मग लांबी (पुट्टी), मग काळा रंग. दिसायला एकदम शोरूम.

म्हणून हुकाची पट्टी, सेफ्टीची बैठक आणि खालचा पाया, एवढ्या ठिकाणचा रंग खरवडून उघडं लोखंड बघा. पट्टीला चारी बाजूंनी वेल्ड हवा. नुसते वेल्डचे टाके मारून सोडलं असेल तर तिथेच थांबा. बारीक चिरांसाठी डाय पेनिट्रंट वापरा. तीन स्प्रे येतात: क्लीनर, लाल रंग, पांढरा डेव्हलपर. भेग असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. भोसरी-चाकणला कुणीही ओळखीचा असेल तर अर्धा डबा उरलेला सापडेल.

वरणभात_आणि_डेडलिफ्ट

काका, रॉडबद्दल लिहा ना. त्याच्यावरच सगळ्यांचा अंधविश्वास असतो.

भोसरी_क्यूए

लिहितो. खांद्याच्या कडेपासून प्लेटांच्या मध्यापर्यंत साधारण अर्धा मीटर, दर बाजूला ५० किलो धरा. २५ एमएम रॉडमध्ये ताण येतो साधारण १६० मेगापास्कल. साधं एमएस (माइल्ड स्टील) २५० च्या आसपास कायमचं वाकतं. म्हणजे स्थिर उभं राहिलात तर चाललं. पण तळातून उसळी मारली, ओझं दीडपट झालं, की आपण २४० वर. ११० ला ही अवस्था आहे, १३० ला विचारूच नका. २८ एमएम घेतला तर जाडी फक्त १२ टक्के वाढते, ताकद ४० टक्के. कारण वाकण्याची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते.

वरणभात_आणि_डेडलिफ्ट

थोडं भांडते. बायकांचा वेटलिफ्टिंग स्पर्धेतला बारही २५ एमएमच असतो, १५ किलोचा, आणि त्यावर काय काय उचलतात बघा. पुरुषांचा २८ एमएम, २० किलो. तेव्हा जाडीइतकंच पोलाद महत्त्वाचं. जुन्या बाजारातल्या रॉडच्या पोलादाचं गोत्र कुणाला ठाऊक?

माझा अनुभव बेंचचा (उताणं पडून बार उचलायच्या बाकाचा) आहे. कोथरूडच्या घरात एका ओळखीच्याकडून बनवून घेतला होता. पाठ टेकायच्या फळीचा बोल्ट तुटला. लोखंड शाबूत, प्लायवुड शाबूत, बोल्ट दोन तुकडे. डोक्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. तेव्हापासून बोहरी आळीतून ८.८ (बोल्टच्या ताकदीचा आकडा) लिहिलेलेच आणते. नशिबाने कॉलर (प्लेटा घसरू नयेत म्हणून लावायचे चिमटे) लावले नव्हते, एका बाजूच्या प्लेटा घसरून पडल्या आणि मी सुटले. घरी एकटीने बेंच करायचा आणि सेफ्टी नसेल तर कॉलर लावू नये, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आळस कामी आला.

लोखंडी_चणे

रॉडऐवजी २५ एमएमची टीएमटी सळई चालेल का? एफई ५०० आहे, साइटवर पडलीये.

भोसरी_क्यूए

ताकद एमएसच्या दुप्पट, खरं आहे. पण कंगोरे तळहात सोलतील, आणि प्लेट अडवायला त्यावर रिंग वेल्ड केलीत की बाहेरच्या कडक थराची उष्णता-प्रक्रिया तिथे गेली. गॅल्वनाइज्ड पाण्याचा पाइपही नको. एक इंची पाइपाची मिडियम भिंत ३.२ एमएम, त्यात आटे पाडले की दीड एमएम खाल्ली जाते, आणि तुटतो नेमका शेवटच्या आट्यापाशी. शिवाय जस्त न घासता वेल्ड केलं तर धुराने रात्री ताप भरतो, तो वेगळा.

स्लॅब_बीम_कॉलम

रॅकइतकंच खाली बघा. आयएस ८७५ या भारतीय मानकानुसार जिना असलेली गच्ची चौरस मीटरला १५० किलो चालतं ओझं (माणसं, सामान) धरून डिझाइन करतात, खोल्या २०० धरून. तुम्ही, रॅक, प्लेटा, भाऊ, सगळे दोन चौरस मीटरात उभे राहता. रॅक बीमवर येईल असा सरकवा, खाली जाड प्लाय आणि रबर टाका, डेडलिफ्टचा (जमिनीवरून उचललेला) बार आपटू नका. आणि पाया पक्का करायला गच्चीला ड्रिल मारू नका, वॉटरप्रूफिंग गेलं की सोसायटीची मीटिंग रॅकपेक्षा जड पडेल. त्याऐवजी रॅकच्या मागच्या पायांवर प्लेटा रचून ठेवा. पाइपांची तोंडं बंद करा, नाहीतर पावसाळ्यात आतून गंजतात आणि बाहेरून रंग हसत असतो.

सिमेंटच्या प्लेटा: ४५ सेंटीमीटर व्यासात २० किलो हवे तर जाडी ५ सेंटीमीटरच्या वर जाते. रॉडवर जागाच उरत नाही. आत जाळी नसेल तर पहिल्याच आपटीला दोन तुकडे.

धायरी_फाटा

सगळ्यांचे आभार. प्रगतीपुस्तक असं:

६० सेंटीमीटरचा तुकडा वाण्याच्या काट्यावर १.७८ किलो. म्हणजे हत्तीचा पाइप २ एमएमचा.

रंग खरवडला. डाव्या हुकाला चारी बाजूंनी वेल्ड, उजव्याला दोनच. सेफ्टी ठीक दिसल्या, म्हणून खाली कुणी नसताना, दोघं बाजूला उभं राहून ६० किलोचा बार वीतभर उंचीवरून तीनदा सोडला. मग एकाच्या ऑफिसातून आणलेला लाल-पांढरा स्प्रे मारला. उजव्या बैठकीखाली नखाएवढी लाल रेघ. नुसत्या डोळ्यांना जन्मात दिसली नसती.

फॅब्रिकेटरकडे परत नेला. आधी कुरकुरला, मग ती रेघ दाखवल्यावर गप्प बसून बैठकी कापल्या. आता खांबाला आरपार ५ एमएमची पट्टी आणि ८.८ चे एम१६ बोल्ट टाकतोय. रॉड मात्र विकत घेतोय, २८ एमएमचा. तोवर स्क्वॉट ७० वर.

नारायण_पेठ_१ ते ४ बंद

आणि भावाच्या सिमेंटच्या प्लेटा?

धायरी_फाटा

आईने तुळशीच्या कुंडीखाली घेतल्यात. उरलेल्या दोनची तिनेच ऑर्डर दिलीये.