डिसेंबरमध्ये केदारकंठा : बर्फ पातळ असेल तर मायक्रोस्पाइक लागतात का?

सातपुडा_भटका, जळगाव
राम राम मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही बारा जण उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखरावर निघतोय. भुसावळहून रेल्वेने दिल्ली, पुढे देहरादून, मग पायथ्याचं गाव सांकरी. तोरणमाळ, अस्तंभा, लळिंग सगळ्यांच्या पायाखालचे आहेत, बर्फावर मात्र कोणीच चाललेलं नाही. गाईड म्हणतो, अजून बर्फ पातळ आहे. मग नुसते ट्रेकिंग शूज पुरतील का, की मायक्रोस्पाइक, म्हणजे बुटावर रबराने चढवायचे साखळीचे लोखंडी दात, हवेतच? आणि एवढ्या जणांनी चालायचं कसं?

लळिंगकर, धुळे
पातळ आहे म्हणून सोपा समजू नका भो. जाड बर्फ दबून घट्ट होतो, त्यात बूट मारला की पायरी तयार होते. हंगामाच्या सुरुवातीच्या भुसभुशीत सहा-आठ इंचांखाली दगड, मुळं, ओलं गवत तसंच असतं. पाय थेट त्यावर जातो आणि घोटा मुरगळतो.

खरा धोका मात्र खालच्या जंगलात, जुडा का तालाब या तळ्याच्या वाटेवर. बुटांनी तुडवलेला बर्फ दिवसा उन्हाने थोडा वितळतो आणि रात्री गोठून काचेसारखा होतो. लोक पडतात ते बहुतेक इथेच, तेही उतरताना.

त्यामुळे मायक्रोस्पाइक घ्याच. मोठे क्रॅम्पॉन (कडक बुटाला बांधायचे लांब दात) नकोत, मऊ तळाच्या बुटावर ते टिकत नाहीत. हातमोजे घालून स्पाइक चढवायचा सराव घरीच करा, कारण पहाटेच्या थंडीत उघडी बोटं दोन मिनिटांत बधिर होतात. दुपारच्या ओल्या बर्फाचा गोळा दातांत चिकटतो आणि स्पाइक असूनही पाय सटकतो; काठीने बूट ठोकत राहा. उघड्या खडकावर आलात की काढून ठेवा.

अस्तंभा_वाट, नंदुरबार
बारा जणांची एकच रांग नको. सहा-सहाच्या दोन तुकड्या करा, प्रत्येकीत सर्वांत हळू चालणारा पुढून दुसरा आणि सर्वांत कणखर माणूस शेवटी. निसरड्या उतारावर दोघांत तीन-चार मीटर अंतर ठेवा, आणि कोणाच्या बरोबर खाली उभं राहू नका. एक घसरला की खालच्याला घेऊनच जातो.

उतरताना भीतीने माणूस मागे रेलतो, तिथेच टाच निसटते. गुडघे किंचित वाकवा, वजन पावलांवर ठेवा, पावलं आखूड टाका. परत फिरायची वेळ आदल्या रात्रीच गाईडशी बोलून ठरवा, समजा सकाळी दहा. शिखर दिसत असलं तरी दहाला फिरायचं. ज्याला हे पटत नाही त्याला तुकडीचा म्होरक्या करू नका.

पाटणादेवी_रान, चाळीसगाव
उंचीचं कोणी बोललं नाही. जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम 200 मीटर, केदारकंठा सुमारे 3,800. डोकेदुखी आणि मळमळ सुरू झाली तर तिथून वर चढायचं नाही. तोल जायला लागला, बोलणं अडखळलं तर रात्र असली तरी खाली आणायचं, सोबत माणूस देऊन. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) डॉक्टरांना विचारूनच घ्या. सल्फाची अॅलर्जी असेल तर आधी सांगा.

सुती बनियन आणि जीन्स घरी ठेवा, घामाने भिजल्या की वाळत नाहीत. बाटली उलटी ठेवा, पाणी वरून गोठतं, म्हणजे बूच मोकळं राहतं. काळा चष्मा प्रत्येकाला हवा, ढगाळ असलं तरी. खायला आपली सुकेळी आणि गुळाची चिक्की उत्तम, दोन्ही खिशात, अंगाजवळ. सॅकमध्ये चिक्की दगड होते. सरावाला तोरणमाळ चढण्यापेक्षा सहा-सात किलो पाठीवर घेऊन उतरा. मांड्या उतरतानाच जातात.

सातपुडा_भटका, जळगाव
आभारी आहे सगळ्यांचा. स्पाइक सांकरीत भाड्याने मिळतील ना?

लळिंगकर, धुळे
मिळतात. घेताना रबर पूर्ण ताणून कडेला चिरा आहेत का बघा, साखळीची प्रत्येक कडी मिटलेली हवी. आपल्याच बुटावर चढवून दहा पावलं चाला. पुढचं रबर चवड्यावरून सरकलं तर एक माप लहान मागा.