छत्तीस हजार सह्या आणि विधवाविवाहाचा कायदा

शाईदौत:
काल इथे वाचलं: "१८५६चा विधवाविवाह कायदा इंग्रजांनी लादला. कायदा मागणाऱ्या सुधारक ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या अर्जावर जेमतेम हजार सह्या, सनातनी पुढारी राधाकांत देवांच्या विरोधी अर्जावर छत्तीस हजारांच्या वर. लोकांना नकोच होता." रात्रभर डोक्यातून गेलं नाही. अहो, त्या छत्तीस हजारांत विधवा किती? दहा वर्षांची सोवळी पोर सही करायला कुठून येणार? कायदे करणाऱ्या कलकत्त्याच्या कौन्सिलात तेव्हा एकही भारतीय सभासद नव्हता, अर्ज हाच काय तो आवाज, तोही पुरुषांचा. आणि लादला म्हणजे काय? लग्न करा अशी सक्ती कुणावरच नव्हती. ज्यांनी केलं त्यांची मुलं औरस धरा, एवढंच होतं.

गोदाकाठ:
ते मीच लिहिलं होतं. सह्या मोजायच्या नाहीत तर अर्ज घ्यायचे कशाला? धरणाविरुद्ध आम्ही गावोगाव फिरून चार हजार सह्या जमवल्या. कचेरीत गठ्ठ्याची सुतळीसुद्धा सुटली नाही. तेव्हापासून सह्यांना किंमत नाही म्हटलं की माझं टाळकं फिरतं.

मावळतीण:
धरणाचं दुःख खरं आहे, पण ते इथे नको. तुम्ही दोघंही कलम २ विसरलात. बाईने पुन्हा लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीवरचा तिचा हक्क गेला, जणू ती त्या दिवशी मेली! आमच्यात पाट, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, आधीपासून होता, त्याला कुणाच्या अर्जाची गरज नव्हती. नवऱ्याच्या वाटणीची दोन एकर जमीन माझ्या पणजीकडे होती. तिचा पाट लागला आणि दिराने ती काढून घेतली. बैलगाडीत तिच्याबरोबर आलं ते फक्त जातं. आजही आमच्या पडवीत आहे, खुंटा तेवढा बदललाय.

शाईदौत:
ताई, हक्क जाणं रूढीतही होतं. त्याचं खापर कायद्यावर कसं फोडता?

मावळतीण:
सगळ्या जातींत एकच रूढी होती का? ज्यांच्यात पाट चालायचा त्यांनाही पुढे मुंबई हायकोर्टाने हेच कलम लावलं. तुमच्या सुधारणेची किंमत आमच्या बायकांनी भरली. कायदा रद्द झाला थेट १९८३मध्ये.

गोदाकाठ:
म्हणजे अर्ज करणाऱ्यांनी तुम्हाला विचारलंच नव्हतं. मी तरी वेगळं काय म्हणतोय?

मावळतीण:
माझी पणजी तुमच्या बाजूने उभी करू नका! त्या छत्तीस हजारांनी तरी तिला कुठे विचारलं होतं?

शाईदौत:
कलम २ मी लिहायलाच हवं होतं, चुकलं. पण मुंबईत विधवा वेणूबाईंचं पांडुरंग करमरकरांशी लग्न लागलं ते १८६९ साली, आणि लावणाऱ्यांवर बहिष्कार पडला. कायद्याचा आधार नसता तर तेही झालं नसतं. 'लादला' हा शब्द मागे घ्या.

गोदाकाठ:
शब्द घेतो मागे. 'लोकांना नको होता' हे नाही घेणार.