एसिट्रोम चालू आहे आणि संडासला काळं होतंय, गोळी बंद करू का?

सिडकोची_लेक
बाबांच्या हृदयात मेटलचा व्हॉल्व्ह आहे, म्हणून रक्त पातळ ठेवायची एसिट्रोम कायमची चालू. मागच्या आठवड्यात गुडघा सुजला म्हणून ओझरला मेडिकलमधून डायक्लोफिनॅक ही दुखण्याची गोळी आणली, जेवणानंतरच घेत होते. कालपासून संडासला डांबरासारखं काळं, चिकट होतंय, वासही फार उग्र. पोट दुखत नाहीये म्हणून ते म्हणतात नाचणीच्या भाकरीमुळे असेल, पण जिना चढताना धाप लागतेय. आज रात्रीपासून एसिट्रोम बंद करू का? अपॉइंटमेंट सोमवारची आहे.

पंचवटीकर
ताई सोमवारपर्यंत थांबू नका, आत्ता न्या. माझ्या काकांचंही पोट अजिबात दुखत नव्हतं आणि आतून रक्त जातच होतं. चक्कर येत असेल तर गाडीवर मागे बसवू नका, १०८ ला फोन करा.

स्टाफनर्स_नाशिकरोड
हे नाचणीचं नाही हो. जठरात रक्त गेलं की ते पचून असं काळं होऊन येतं. लोहाच्या गोळ्यांनीही काळं होतं पण इतकं चिकट आणि उग्र वासाचं नसतं. डायक्लोफिनॅक जठराचं अस्तर खराब करते आणि त्यात रक्त आधीच पातळ, मग जखम थांबणार कशी, जेवणानंतर घेतली म्हणून ती सेफ होत नाही. ती आत्ताच बंद. एसिट्रोमचं मात्र मनाने काहीच ठरवू नका, व्हॉल्व्हवर गुठळी झाली तर लकवा होऊ शकतो. रात्रीच्या डोसआधीच कॅज्युअल्टीला पोचा, आयएनआर (रक्त किती पातळ झालंय तो आकडा) आणि हिमोग्लोबिन बघून ते सांगतील. आयएनआरची वही आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं घ्या, मेडिकलमधून आणलेलं पाकीट पण. खायला काही देऊ नका, एंडोस्कोपी (तोंडातून नळी घालून जठर बघणं) लागेल बहुतेक.

सिडकोची_लेक
ॲडमिट केलंय. आयएनआर ६.८ निघाला, त्यांचा २.५ ते ३.५ मध्ये पाहिजे. हिमोग्लोबिन ७.१, रक्त चढवलं. एंडोस्कोपीत अल्सर दिसला, क्लिप लावली आणि तुकडा तपासायला पाठवलाय. एसिट्रोम थांबवलीय, रक्तस्राव थांबला की आधी हेपारिन, म्हणजे रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन, देणार म्हणाले. तुम्ही दोघांनी लगेच सांगितलंत, खूप आधार वाटला. आता गुडघ्याला काय देऊ?

स्टाफनर्स_नाशिकरोड
बरं झालं वेळेत नेलंत. दुखण्यावर पॅरासिटामॉल, पण तीही रोज जास्त घेतली तर आयएनआर वाढतो, म्हणून किती ते विचारूनच. आणि तुकड्यात एच पायलोरी (अल्सर करणारा जंतू) निघाला तर अँटिबायोटिक्सचा कोर्स देतील, त्यातल्या क्लॅरिथ्रोमायसिन आणि मेट्रोनिडॅझोलने आयएनआर वर जातो, तेव्हा कोर्स चालू असताना तपासणी कितव्या दिवशी करायची ते डिस्चार्जच्या आधीच वहीत लिहून घ्या.